झाकिन्थॉस (ग्रीस), सप्टेंबर: समुद्री कासवं कुठे आणि कशी पाहावीत?

भटकी_पुणे
सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाकिन्थॉसला चार रात्री मुक्काम आहे. लागानासच्या उपसागरात लॉगरहेड कासवं पाहायची आहेत. वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात, तसं तिथे असतं का? काचेच्या तळाच्या बोटीचं बुकिंग करावं का? नावाजोचा किनारा आणि ब्लू केव्हज या गुहाही बघायच्या आहेत.

खाजणवाट
वेळाससारखा कार्यक्रम तिथे नसतो. आपल्याकडे अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. तिथे घरटी शक्यतो जागच्या जागीच राखतात. पिल्लं रात्री वर येतात आणि अंड्यांचे किनारे रात्री बंद असतात. हा नियम मनापासून पाळा. पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं; मोबाईलचा टॉर्चसुद्धा त्याला समुद्राऐवजी उलट्या दिशेला नेतो.

जुलैत घातलेली अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा वाळूखाली जिवंत घरटी असणार. गेराकास, कालामाकी, दाफ्नी या किनाऱ्यांवर दिवसा जाता येतं, पण पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यातच बसा. मागच्या कोरड्या वाळूत छत्रीचा दांडा रोवला तर तो थेट अंड्यांत घुसू शकतो. मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवा, पिल्लं त्यात अडकतात. सेकानियाला पर्यटकांना प्रवेशच नाही.

नांगर_टाका
बोटीबद्दल: नको. अंडी घालून झालेल्या माद्या ऑगस्टअखेरपर्यंत बहुतेक निघून जातात, कोणी एड्रियाटिककडे, कोणी ट्युनिशियाच्या किनाऱ्याकडे. मागे राहिलेल्या थोड्या कासवांभोवती मग सगळ्या बोटी गोळा होतात. कासव श्वासाला वर आलं की वेढा पडतो, ते घाईने बुडी मारतं.

तरी जायचंच असेल तर लहान बोट घ्या आणि आधी विचारा: कासव दिसल्यावर इंजिन न्यूट्रल करता का? आधीच दुसरी बोट असेल तर थांबता का? 1999 पासून हा उपसागर राष्ट्रीय सागरी उद्यानात आहे. मोसमात पूर्वेकडच्या भागात बोटींना बंदी, बाकी ठिकाणी वेगमर्यादा 6 नॉट (ताशी 6 सागरी मैल). 'कासव नक्की दाखवू' म्हणणारा बोटवाला टाळलेला बरा.

माझा सल्ला, एक दिवस शेजारच्या केफालोनियाला द्या. आर्गोस्तोली बंदरात मासेमारी होड्या सकाळी जाळी साफ करतात, तेव्हा टाकलेल्या माशांच्या तुकड्यांवर लॉगरहेड धक्क्यालगत येतात. धक्क्यावर उभं राहून, फुकट, निवांत दिसतात. आपण मात्र काही खाऊ घालायचं नाही. शंख फोडणारा जबडा आहे तो. उन्हाळ्यात झाकिन्थॉसच्या आयिओस निकोलाओसहून केफालोनियातल्या पेसादाला फेरीबोट असते, पण परतीची वेळ पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

भटकी_पुणे
आर्गोस्तोली पक्कं. बोट रद्द. नावाजोचं काय?

खाजणवाट
सप्टेंबर 2022 च्या भूकंपात तिथला कडा ढासळला, त्यानंतर किनाऱ्यावर उतरायला बंदी घातली. बोटी कितपत जवळ जातात ते त्या मोसमाच्या आदेशावर ठरतं, बंदर कार्यालयात विचारा. वरून पाहताना फोटोसाठी कठड्याबाहेर जाऊ नका. चुनखडीचा कडा खालून पोखरलेला आहे.

ब्लू केव्हज सकाळी करा. गुहा बेटाच्या ईशान्य टोकाला आहेत, तेव्हा ऊन थेट आत शिरतं आणि पाण्याखालच्या पांढऱ्या खडकावरून निळं होऊन परततं. दुपारी वायव्येचा वारा वाढला की लाटा उठतात, फेऱ्या रद्दही होतात.

एक मात्र सांभाळा. पश्चिमेकडच्या, आत वाळूचा तुकडा असलेल्या गुहांत पोहत शिरू नका. भूमध्य समुद्रातली दुर्मिळ मंक सील शरद ऋतूत अशाच गुहांत पिल्लं घालते, आणि माणूस आत आला की आई पिल्लू सोडून पळू शकते.