मांजरांचा एफआयपी आणि रेमडेसिविर

असं म्हणतात की प्राण्यांच्या वाट्याला माणसांच्या औषधांतलं उरलंसुरलंच येतं, बऱ्याचदा ते खरंय पण एक उलटं उदाहरण देतो. मांजरांना एफआयपी (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस) नावाचा जीवघेणा आजार होतो, त्यांच्यातल्याच एका कोरोनाविषाणूमुळे (कोविडचा वेगळा), पोटात पिवळसर चिकट पाणी साठून पोट टम्म फुगतं आणि पाठीची हाडं मात्र हाताला लागतात. असं मांजर मी मांडीवर घेऊन बसलोय, तेव्हा इलाजच नव्हता हो, फार वाईट वाटतं अजून. २०१९ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांच्या टीमचा पेपर आला, ३१ आजारी मांजरांना जीएस-४४१५२४ नावाच्या विषाणूरोधी औषधाची इंजेक्शनं रोज, किमान १२ आठवडे, आणि २५ वाचली! कोविडमध्ये माणसांना दिलेलं रेमडेसिविर शरीरात गेल्यावर रक्तात त्याचं जे रूप फिरतं ते हेच, म्हणजे कोविड यायच्या आधीच हे रसायन जिवंत प्राण्यात कोरोनाविषाणूला आवरतं हे मांजरांनी दाखवलं होतं. आता ते तोंडावाटेही देतात, २०२४ च्या एका अभ्यासात पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरांमध्ये ४२ दिवसांचा कोर्स ८४ दिवसांच्या कोर्सइतकाच परिणामकारक ठरला. मांजराला रोज औषध देणं ज्यांनी केलंय त्यांना विचारा निम्मे दिवस म्हणजे काय.