चिरेखाणीत बोटं गेली, मालक 'बघू' म्हणतो. केस करायची मुदत संपली का?

राजापूरची_सून
नमस्कार. माझ्या मिस्टरांना 6 मार्च 2024 रोजी कणकवली तालुक्यातल्या एका चिरेखाणीत अपघात झाला. चिरे कापायच्या मशीनचं पातं उजव्या हातावर आलं, तीन बोटं मुळापासून गेली. तेव्हा वय 35, रोज 600 रुपये. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर 40,000 हातात दिले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली की 'यापुढे कसलीही मागणी नाही'. तोंडाने मात्र म्हणाला, पाऊस संपला की खाणीचा हिशोब होईल, मग बसून बोलू. दोन पावसाळे झाले. आता म्हणतो, तुझा नवरा मुकादमाचा माणूस, माझ्या हजेरीवहीत त्याचं नावच नाही. वाडीत सगळे सांगतात, अपघाताची केस सहा महिन्यांत करायची असते, तुमची वेळ गेली. खरंच गेली का? त्यांना आता कोयतासुद्धा नीट धरता येत नाही. जानेवारी सरत आला, कोणाकडे जाऊ ते कळत नाही.

कुडाळचो_झील
वयनीनू, भियाव नकात. सहा महिने ऐकलंत ते गाडीच्या अपघाताचं. माझ्या चुलतभावाला हायवेवर डंपरने उडवलं तेव्हा आमच्या वकिलाने पहिल्याच दिवशी तारीख लिहून घेतली होती. खाणीतल्या अपघाताचा कायदा वेगळा आहे, मुदतही वेगळी. नीट माहितगार माणूस सांगेलच, पण वेळ गेली असं समजून घरी बसू नका.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, तुमची वेळ गेलेली नाही. पण फार उरलेलीही नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, त्यातली बरीच वर्षं दावे दाखल करून घेणाऱ्या टेबलावर. मुदत टळल्यावर आलेल्या बायाबापड्यांचे चेहरे मला अजून आठवतात. बहुतेकांचं कारण एकच असायचं: मालक बोलू म्हणाला होता.

कामावरच्या अपघाताला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत आयुक्तांपुढे, म्हणजे या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, अर्ज जायला हवा. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. जखम भरली त्या दिवसापासून नाही, मालकाने नकार दिला त्या दिवसापासूनही नाही. तुमची दोन वर्षं येत्या 6 मार्चला भरतात. बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही, हे एवढं पक्कं लक्षात ठेवा. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण हातात महिना असताना त्या माफीवर विसंबायचं कशाला?

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याने ठरेल. मुदत नव्या संहितेतही दोनच वर्षं आहे.

आता त्या स्टॅम्पपेपरचं. कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे, तेव्हा त्या सहीची धास्ती घेऊ नका. दवाखान्यावर मालकाने केलेला खर्च भरपाईतून वजा होत नाही. 40,000 चा विषय निघेल, तेव्हा ते मिळाल्याचं खरं सांगून टाका.

'मुकादमाचा माणूस' ही पळवाट मी फार ऐकली आहे. कलम 12 नेमकं त्यासाठीच आहे. मालकाने स्वतःच्या धंद्याचं काम कंत्राटदाराकडून करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते, मग त्याने ती मुकादमाकडून वसूल करावी. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा.

रक्कम किती, तेही तुम्हाला माहीत असलेलं बरं, नाहीतर कोणी पन्नास हजारांत मिटवायला येईल. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरलं आहे. 26 दिवसांचा पगार 15,600 होतो, पण हिशोबाला कमाल 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्यात वयाप्रमाणे गुणक दिले आहेत, पस्तिशीचा 197.06. गुणाकार 17,73,540, त्याचे 30 टक्के 5,32,062 रुपये. अपघातानंतर महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

शिवाय उजव्या हाताने चिरे कापणाऱ्याचं नुकसान 30 टक्क्यांवर थांबतं का, हे वकिलाने जोरात मांडायला हवं. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाई पूर्ण बुडाली असं मानलं.

वाडीतल्या लोकांचंही चूक नाही. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला आव्हान दिलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि केवळ उशीर झाला म्हणून असे दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तुमच्या घरी तो प्रश्नच येत नाही.

राजापूरची_सून
काका, वाचून हातपाय थरथरले. पण हजेरीत नाव नाही, मग ते तिथे कामाला होते हे दाखवायचं कसं? आणि प्रत्येक तारखेला कणकवलीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. वकिलाला द्यायला पैसेही नाहीत.

निवृत्त_शिरस्तेदार
अर्ज कणकवलीत करायची सक्ती नाही. कलम 21 प्रमाणे तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडेही करता येतो, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातच. राजापूर कोर्टात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं.

पुराव्याला पहिला कागद दवाखान्याचा. दाखल करताना केसपेपरवर 'चिरेखाणीत मशीनने इजा' असं काही लिहिलं असेल तर त्याची नक्कल आधी घ्या. मालकाने बिल भरल्याची पावती, मोबाइलवर आलेला पगार, सोबत काम करणारे दोघेजण, आणि तो स्टॅम्पपेपर. अपघातच झाला नसता तर मालकाने तो कशाला करून घेतला असता? मालकाला अपघाताची लेखी नोटीसही रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्याला अपघात माहीत होताच, म्हणून आधी नोटीस दिली नाही एवढ्यावर दावा अडणार नाही.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून काढायला टाका, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, दाखला मागाहून जोडता येतो. 6 मार्चची वाट न पाहता फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज आत जाऊ द्या, आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.

राजापूरची_सून
सोमवारी दोघंही राजापूर कोर्टात जातो. केसपेपरची नक्कल आणायला दीर उद्याच सकाळच्या गाडीने निघतायत.