ऑक्टोपॅडची बटणं नीट लागत नाहीत, नाशिकमध्ये दुरुस्ती होईल का? सल्ला हवा

पॅडवाली_पंचवटी
नमस्कार मंडळी. घरी पप्पांचा जुना ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) आहे, ते मंडळाच्या भजनात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता मी वाजवते. पॅड एकदम ओके आहेत, काठी पडली की आवाज येतो, स्क्रीनपण येते. त्रास बटणांचा आहे. किट, म्हणजे पॅडांच्या आवाजांचा संच, पुढे न्यायचं प्लसचं बटण जोर लावून तीन-चारदा दाबलं की एकदा लागतं, मायनसचं एकदा दाबलं तरी कधीकधी दोन किट मागे जातं, आणि एंटरवर तर अंगठा दुखतो. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत किट बदलायला हवं ना, स्टेजवर गायक थांबत नाही.
एका दुकानात दाखवला तर म्हणाले बोर्ड गेलाय, जुन्या मॉडेलचा मिळणार नाही, नवीनच घ्या. मला नवीन नकोय, यात पप्पांनी स्वतः बसवलेले किट आहेत. खरंच बोर्ड जातो का असा? आणि इकडे कोणी नीट काम करणारं आहे का?

सोल्डरधूर
ताई, पॅड वाजतायत, स्क्रीन येतेय, बटणं अधूनमधून का होईना लागतायत, म्हणजे बोर्ड शाबूत आहे. बटणांखालचे स्विच झिजलेत, आणि हा आजार बरा होतो, त्यामुळे कृपा करून तो भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका.
आधी एक बघा, बटण दाबल्यावर बोटाला "टिक" लागतं का मऊ रबर दबल्यासारखं वाटतं. टिक असेल तर खाली टॅक्ट स्विच आहे, चौकोनी काळा, बहुतेक वेळा सहा बाय सहा मिलिमीटरचा, चार पायांचा. आत पातळ पत्र्याची छोटी घुमटी असते, दाबली की ती उलटी होऊन खालच्या दोन संपर्कांना जोडते. वर्षानुवर्षं दाबून ती घुमटी थकते आणि संपर्कांवर काळा थर धरतो, मग जोर लावला तरच जोड होते. मायनस दोन उड्या मारतं तेही त्यामुळेच. कुठलाही स्विच दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो, मशीन तेवढी थरथर सोडून देतं, पण झिजलेला स्विच जास्त वेळ थरथरला की मशीनला वाटतं तुम्ही दोनदा दाबलं.
अजून एक म्हणजे खराब झालेली बटणं एकाच ओळीतली आहेत का ते तपासा. बऱ्याच मशीनमध्ये बटणं आडव्या-उभ्या लाइनींच्या जाळीत जोडलेली असतात, तर अख्खी ओळ एकदम मेली असेल तर दोष स्विचचा नसून पट्टी केबलचा, कनेक्टरचा किंवा एखाद्या डायोडचा असतो. तुमची वेगवेगळी रुसलेली दिसतात, आणि तीही सगळ्यात जास्त दाबली जाणारी, म्हणजे स्विचच.

सातपूरकर
एवढं कशाला, बटणाच्या फटीत डब्ल्यूडी-४० मारा, एका रात्रीत मोकळं होईल. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये सगळ्याला तेच मारतात.

सोल्डरधूर
नको भाऊ. नट-बोल्टला ते उत्तम आहे, पण मागे तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसून चिखल होतो. आपल्याकडे तर नुसती धूळ नाही, मिरवणुकीचा गुलाल असतो, हळदीचा भंडारा असतो, आणि हे टॅक्ट स्विच बहुतेक सीलबंद नसतात, पावडर इतकी बारीक की बटणाच्या कडेने सरळ आत जाते. मी उघडलेल्या कितीतरी पॅडांत आतून गुलाबी निघालंय सगळं. त्यात तेल गेलं की संपलंच.
मारायचंच असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, नाहीतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं, त्यात पाणी असतं, ते नको. मशीन बंद, अडॅप्टर काढलेला, स्विचच्या दांडीच्या कडेला एक थेंब, मग बरेचदा दाबत राहायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. याने बटण थोडे दिवस जागं होतं, कार्यक्रम तोंडावर असेल तर उपयोगी आहे, पण घुमटी थकलेली असेल तर परत तिथेच येतं. कायमचा उपाय स्विच बदलणे हाच.

नाशिकरोड_कीज
मी कीबोर्ड वाजवते म्हणून रबरवाल्यांबद्दल लिहिते, कारण हा धागा पुढे कीबोर्डवालेही वाचतील. कीबोर्डच्या पट्ट्या आणि बरीचशी पॅनलची बटणं यांच्याखाली रबराची पट्टी असते आणि तिच्या आत काळी कार्बनची टिकली, ती खाली बोर्डवरच्या काळ्या नक्षीवर टेकली की आवाज. ती टिकली किंवा नक्षी मळली की स्वर हळू येतो, किंवा एकदम जोरात येतो, किंवा येतच नाही. इथे स्विच बदलायची गरज नसते, रबर अलगद सोडवून टिकली आणि नक्षी दोन्ही अल्कोहोल लावलेल्या इअरबडने हलक्या हाताने पुसायच्या, बस. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बनचा थर पातळ असतो, एकदा खरवडला की गेला. टिकली खरंच झिजली असेल तर वर कार्बनचा कंडक्टिव्ह पेंट लावता येतो. काहीजण टूबी पेन्सिल घासतात, ती चालते पण फार टिकत नाही. आणि पट्टी परत बसवताना रबराची सगळी शेपटं भोकातून नीट ओढून घ्या, एक जरी राहिलं तरी ती की कायम अर्धवट दाबलेली राहते.

पॅडवाली_पंचवटी
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. टिक आहे, म्हणजे टॅक्ट स्विच. भावाला सोल्डरिंग येतं, त्याने आयटीआय केलंय, पण तो म्हणतो स्विच कुठले आणायचे ते कळत नाही, आणि किट उडतील म्हणून मला उघडायचीच भीती वाटते.

सोल्डरधूर
किटची काळजी आधी करू, ती स्विचपेक्षा महत्त्वाची आहे. मिडी आउट (दुसऱ्या मशीनला किंवा कॉम्प्युटरला जोडायची जागा) किंवा यूएसबी असेल तर मॅन्युअलमध्ये बल्क डंप, म्हणजे मेमरी बाहेर पाठवायची सोय, शोधा आणि सगळी मेमरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक किटचे स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवा, वेळ लागेल पण पप्पांचं काम आहे ते. जुन्या मशीनमध्ये मेमरी बटणसेलवर टिकून असते, तेव्हा आत गोल सेल दिसला तर बॅकअप नसताना त्याला हात लावायचा नाही. आणि बटणं चालतात का बघायला म्हणून फॅक्टरी रिसेट कोणी सांगितलं तर करू नका, सगळं पुसलं जाईल.
स्विच एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक पार्टवाल्यांकडे विचारा, "टॅक्ट स्विच, फोर पिन, सहा बाय सहा" म्हटलं की कळतं. साधे दोन-पाच रुपयांना मिळतात. माझं मत विचाराल तर स्वस्तातले घेऊ नका, कष्ट सोल्डरिंगचे असतात, तेच परत करायला लागू नयेत. ओमरॉनचे बी३एफ किंवा आल्प्सचे मिळाले तर उत्तम, इथे नाही मिळाले तर ऑनलाइन, नाहीतर कोणी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जात असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. आणि बदलताना नुसती तीन नको, पॅनलवरची सगळी बदला, बाकीच्यांचं वयही तेवढंच आहे, शिवाय सगळ्यांना सारखाच जोर लागला की स्टेजवर बोट चुकत नाही.

सातपूरकर
बरोबर आहे, डब्ल्यूडीचं मागे घेतो. पण दांडी किती उंच घ्यायची ते सांगा, सहा बाय सहामध्येच दहा प्रकार येतात.

सोल्डरधूर
हो, तेच सगळ्यात महत्त्वाचं. जुना एक स्विच काढून बोर्डच्या पृष्ठभागापासून दांडीच्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजा, ४.३, ५, ७, ९.५ अशा उंच्या मिळतात. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर कव्हर घट्ट केल्यावर बटण दाबलेलंच राहतं, कमी झाला तर पोकळ वाटतं.
काढताना घाई नको. मल्टीमीटर बझरवर (जोड असली की वाजतो तो) लावून आधी खात्री करा, चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेलेच असतात, त्यामुळे तिरपे समोरासमोरचे दोन पाय धरा, दाबलं की वाजायला हवं, सोडलं की थांबायला हवं. मग २५ वॅटची इस्त्री नाही म्हणत मी, सोल्डरिंग आयर्न, सोल्ड्रॉनची चालेल, आणि डीसोल्डरिंग पंप. जुनं सोल्डर हलत नसेल तर वर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) आणि ताजं साठ-चाळीसचं (कथील-शिशाचं) सोल्डर घाला, ते जुन्यात मिसळलं की सगळं कमी तापमानाला वितळतं आणि पंपाने सहज ओढलं जातं. स्विच ओढून काढायचा नाही. अडकला तर कटरने त्याचं अंग कापून एकेक पाय वेगळा काढा, स्विच गेला तर पाच रुपये गेले पण बोर्डवरची तांब्याची चकती उचकटली तर वायर टाकून जोडत बसावं लागतं. नवीन स्विचचे पाय एका बाजूला साडेसहा आणि दुसऱ्या बाजूला साडेचार मिलिमीटरवर असतात, म्हणून तो आडवा बसतच नाही, जोर करून वाकवू नका, फिरवून बघा.

नाशिकरोड_कीज
आणि भावाला सांग, कव्हर उघडताना पट्टी केबल झटका देऊन ओढू नकोस. कनेक्टरला कुलूप असेल तर ते आधी उचलायचं, नसेल तर केबल दोन्ही कडांना धरून सरळ ओढायची. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू लहान-मोठे असतात तर कुठला कुठला ते कागदावर टोचून ठेवा. हळदीच्या कार्यक्रमाला वाजवशील तेव्हा पॅनलवर पातळ प्लास्टिक चिकटपट्टीने लाव, फक्त बटणांवर, पॅडवर नको, नाहीतर काठीचा फील जातो.

पॅडवाली_पंचवटी
वहीत उतरवायला बसले आहे, प्रत्येक पॅडचा आवाज, पिच, लेव्हल सगळं. ते झालं की भाऊ उघडेल. उंची मोजून इथे टाकते, कव्हर लावायच्या आधी एकदा बघाल ना दादा?

सोल्डरधूर
नक्की. मोजमापासोबत बोर्डचा दोन्ही बाजूंचा फोटो टाका, मागची बाजू जास्त जवळून.