‘मला दोन भाऊ आहेत’ चालतं, मग ‘मला गाडी आहे’ का नाही?

कोथरूडची शिकवणी:
हिंदीभाषकांना मराठी बोलायला शिकवते. सध्याच्या गटात दोघे इंदूरचे, एक लखनौची. सामान्यरूप कसंबसं पचलंय, पण ‘आहे’पाशी सगळे अडतात. लखनौची म्हणाली, “माझे दोन भाऊ आहेत.” हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’, त्यामुळे तिचं बरोबरच. मी सांगितलं, “मला दोन भाऊ आहेत, असं म्हण.” लगेच इंदूरकर म्हणतो, “मला गाडी आहे!” नाही रे बाबा, गाडी ‘माझ्याकडे’. मग भाऊ माझ्याकडे का नाहीत? असतील की, पण मग ते राहायला आलेत आणि त्यांच्या जेवणाचं बघायला हवं.

नियम असा दिला: नाती, अवयव, आजारपण यांना ‘ला’, वस्तूंना ‘कडे’. त्यावर प्रश्न आला, “मग ‘त्याला नोकरी आहे’ कसं?” आता मी काय सांगू?

मिरजकर निवृत्त:
नियम टाकू नका, थोडा रुंद करा. मी बँकेत शेतीकर्जं बघायचो. आमच्याकडे म्हणतात, ‘त्याला दहा एकर रान हाय.’ तेच ‘त्याच्याकडे दहा एकर रान आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: स्वतःचं का वाट्यानं? म्हणजे ‘ला’त माणसाला चिकटलेलं येतं, ‘कडे’त नुसता ताबाही चालतो. नोकरी, जमीन, पोरंबाळं चिकटलेली. गाडी आज आहे, उद्या विकली.

आणखी एक. माझी बरीच वर्षं हुबळी-धारवाडात गेली. कन्नडमध्ये ‘ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे’, म्हणजे मला दोन धाकटे भाऊ आहेत. पण पैसे असले तर ‘नन्न हत्तिर दुड्डु इदे’. ‘ननगे’ म्हणजे मला, ‘हत्तिर’ म्हणजे जवळ. तमिळमध्येही तेच, ‘एनक्कु’ आणि ‘एन्निडम’. या बाबतीत मराठी हिंदीपेक्षा दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी जास्त जुळते. गटात एखादा बेंगळुरूचा आला तर हा धडा पाच मिनिटांत उरकेल बघा.

मस्कतवाला:
अरबी वर्गात मला हेच भेटलं होतं. पुस्तकी अरबीत भावासाठी ‘ली’, गाडीसाठी ‘इंदी’ आणि आत्ता खिशात असलेल्या पैशांसाठी ‘मई’. सरळ मला, माझ्याकडे, माझ्याजवळ! वर्गातल्या बाकीच्यांना तीन तीन शब्द का, ते उमगेना. मला काही पाठच करावं लागलं नाही. बोलीत मात्र भाऊ असो की गाडी, बहुतेक ‘इंदी’वरच भागतं.

जपानी_भाषांतर_पुणे:
जपानीत मालकाला कोणता प्रत्यय लागतो यापेक्षा जी गोष्ट आहे ती जिवंत आहे का, हे बघतात. भाऊ ‘इरु’, गाडी ‘आरु’. गंमत म्हणजे चालकासकट उभ्या टॅक्सीला ‘इरु’ म्हणतात. मासा टाकीत पोहत असला तर ‘इरु’, दुकानात कापून ठेवला की ‘आरु’. आपलं ‘आहे’ सगळ्यांना एकच.

शिकवणीताई, जाता जाता एक सुचवते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ हेही त्याच धड्यात घ्या. पहिल्यात टेबलावर काय आहे ते सांगतो, दुसऱ्यात ठरलेलं पुस्तक कुठे आहे ते. चिनीत याला दोन वेगळी क्रियापदं आहेत, ‘यौ’ आणि ‘त्साय’. आपण नुसती जागा बदलून काम भागवतो, म्हणून शिकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

कोथरूडची शिकवणी:
मिरजकरकाका, ‘रान’ उद्याच वर्गात नेते. पण लखनौची आत्ताच विचारतेय, घर कुठे घालायचं? ‘त्याला स्वतःचं घर नाही’ मी सहज म्हणते. पण ‘माझ्याकडे घर आहे’ हेही ऐकलंय.

मिरजकर निवृत्त:
कुणाच्या तोंडून ऐकलंत? इस्टेट एजंट असणार. ‘माझ्याकडे दोन टू-बीएचके आहेत’ म्हणणारा स्वतः भाड्यानं राहत असतो.