अॅरिस्टॉटलवरचा निबंध: सद्गुण, मैत्री, सुख यांचा सांधा जुळेना, मदत हवीय

टीवाय_फिलॉसॉफी:
नमस्कार, मी टीवायबीएला आहे, विषय तत्त्वज्ञान. सरांनी १५०० शब्दांचा निबंध दिलाय, "सुखी माणसाला मित्रांची गरज असते का? अॅरिस्टॉटलच्या आधारे लिहा" आणि शुक्रवारी द्यायचाय. निकोमेकियन एथिक्स या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचं पहिलं, आठवं, नववं पुस्तक (म्हणजे भाग) वाचलं, वहीभर नोट्स काढल्या, पण लिहायला बसले की तीन वेगवेगळे निबंध होतात, एक सद्गुणावर एक मैत्रीवर एक सुखावर. मैत्रीचे तीन प्रकार (उपयोगाची, मौजेची, सद्गुणांवरची) लिहून झाले की गाडी अडते. आणि पहिल्या पुस्तकात तो म्हणतो की सुख स्वयंपूर्ण असतं, मग आठव्याच्या सुरुवातीलाच म्हणतो की बाकी सगळं मिळालं तरी मित्रांशिवाय जगणं कोणी पत्करणार नाही. इथे तो स्वतःलाच खोडतोय असं लिहू का?

पाटी_पेन्सिल:
खोडतोय असं लिहू नकोस, पण तुला जे खटकलंय ना तोच तुझा निबंध आहे, तो पहिल्याच परिच्छेदात आण. तीन प्रकार सगळी मुलं लिहितात, पेपर तपासणाऱ्याला ते पाठ असतात, तुझे चार-पाच ओळीत उरक.

आता पहिल्या पुस्तकाचं सातवं प्रकरण परत उघड. स्वयंपूर्ण म्हणजे एकट्यापुरतं असं तो म्हणतच नाही, उलट स्पष्ट सांगतो की आईवडील, मुलं, बायको, मित्र, आपल्या नगरातली माणसं हे सगळं धरून मी बोलतोय कारण माणूस स्वभावानेच समाजात राहणारा आहे. म्हणजे मित्र सुखाला बाहेरून चिकटवलेले नाहीत, आधीपासून आतच आहेत. मग पुढचा प्रश्न उरतो की का? त्याचं उत्तर नवव्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात आहे, तिथेच तुझे निम्मे शब्द खर्च कर.

ओसरीवरून:
वरच्यांशी सहमत, फक्त त्याआधी "सुख" या शब्दाचा बंदोबस्त कर. आपण मराठीत "लेकाकडे सुखात आहे", "सुखाची झोप" असं म्हणतो, त्यात बरं वाटण्याचा अर्थ येतो. त्याचा शब्द युडायमोनिया, आणि ती भावना नाही, ती कृती आहे, सद्गुणाला धरून केलेली आणि तीही आयुष्यभर. म्हणून तर तो म्हणतो एक पाकोळी दिसली म्हणजे वसंत आला असं होत नाही. नुसते सद्गुण अंगी असून भागत नाही, आयुष्यभर झोपून राहिलेल्या माणसाला कोणी सुखी म्हणणार नाही. मला स्वतःला "कृतार्थ" हा शब्द जवळचा वाटतो पण त्यात काम संपल्याचा सूर आहे, आणि इथे तर काम चालू आहे. तू सुखच वापर, पण सुरुवातीला दोन वाक्यात अर्थ सांगून टाक. एकदा सुख म्हणजे कृती हे बसलं की सांधा आपोआप जुळतो बघ: कृती सद्गुणाची, आणि ती एकट्याने फार वेळ चालवणं अवघड, सोबत असली की चालते. हे तो नवव्यात जवळजवळ याच शब्दात म्हणतो.

रात्रशाळा_मास्तर:
त्याच प्रकरणात आणखी एक मुद्दा आहे जो मुलं सोडून देतात. तो म्हणतो की आपल्याला स्वतःपेक्षा शेजारचा माणूस जास्त नीट दिसतो, त्याची कृती जास्त नीट दिसते. मला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. माझा एक सहकारी, बारा वर्षं आम्ही रात्री साडेनऊला शाळा सुटली की बरोबर स्टेशनला चालत यायचो. एकदा भाजीवालीने अंधारात त्याला पन्नास जास्त परत दिले, हे त्याला जिन्यावर कळलं, लोकल लागलेली होती तरी हा उलटा फिरला, परत देऊन आला, आणि पुढच्या गाडीत बसल्यावर त्याबद्दल एक शब्द नाही, मुलांच्या भूमितीबद्दल बोलत बसला. मी कधी तसं केलं असेन तर मला ते दिसलं नसतं, मी माझ्याच घाईत असतो. त्याचं दिसलं, आणि चांगुलपणा बघण्यातला आनंद काय असतो ते समजलं. मित्र म्हणजे "दुसरा मी" असं अॅरिस्टॉटल म्हणतो तेव्हा तो हेच म्हणतोय असं मी मुलांना सांगतो. असं तुझं स्वतःचं एक उदाहरण टाक, एकच.

आणि एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही अॅरिस्टॉटलने दिलेली म्हण वापरणार असशील तर जपून. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे अन्नदात्याशी इमान, त्यात एक देणारा आणि एक खाणारा असतो. त्याच्या म्हणीत दोघं बरोबर बसून मीठ खातात, म्हणजे वेळ जातो तेव्हा कुठे एकमेकांची पारख होते. दोन्ही एक करू नकोस.

पाटी_पेन्सिल:
हर्मायसचा उल्लेख एका ओळीत करता येईल. अटार्नियसचा हा शासक अॅरिस्टॉटलचा मित्र, इराण्यांनी त्याला मारलं, आणि त्याच्या आठवणीत अॅरिस्टॉटलने जे काव्य लिहिलं ते सद्गुणाला उद्देशून आहे. मित्र गेल्यावर त्याला सद्गुणाशीच बोलावंसं वाटलं हे मला फार मोठं वाटतं. पण चरित्र लिहायला लागू नकोस. संदर्भ देताना पानं नको, बेकर आकडे (अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांसाठी सगळीकडे वापरतात ते ठरलेले क्रमांक, भाषांतरांच्या समासात असतात) दे, आठवं पुस्तक ११५५अ पासून सुरू होतं, म्हणजे सरांकडे कुठलंही भाषांतर असो, त्यांना जागा सापडेल.

टीवाय_फिलॉसॉफी:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री ९.९ परत वाचलं आणि पहिल्यांदा लिहावंसं वाटलं. उदाहरण माझ्या रूममेटचं घेतेय, मी तापाने पडले होते तेव्हा तिने माझं प्रॅक्टिकल जर्नल पूर्ण करून द्यायला नकार दिला पण रात्रभर उशाशी बसून माझ्याकडूनच करून घेतलं. सुरुवात अशी केलीय: "सुखी माणसाला काहीच कमी नसतं असं मानलं तर मित्र त्याला कशाला हवेत? अॅरिस्टॉटलचं उत्तर असं की मित्र त्याची उणीव भरून काढत नाहीत, ते त्याच्या सुखाच्या कृतीत खूप सहभागी असतात." चालेल का?

रात्रशाळा_मास्तर:
चालेल. "खूप" काढ. आणि जर्नलचा प्रसंग शेवटाला ठेवू नकोस, "दुसरा मी" जिथे येतो तिथेच घे.