टप उघडणारी जुनी गाडी: घेतली होती का कुणी? अनुभव लिहा

शनिवारी इथं अमेरिकेत, एडिसनला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन मिनिव्हॅनच्या मध्ये माझदाची एक लाल मियाटा उभी दिसली. नव्वदच्या आसपासची. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली, तिच्यावर चिकटपट्टी. मी कोथिंबिरीच्या जुड्या हातात घेऊन तिथंच थांबलो. बायको लांबूनच म्हणाली, "परत नको हं."

"परत" अशासाठी की २००३ मध्ये मी एक घेतली होती. १९९१ ची, १.६ लिटर, पाच गिअर, ३२०० डॉलर. लग्न व्हायचं होतं, अक्कलही यायची होती. बरोबर रूममेट होता, त्याचं गाड्यांचं ज्ञान बजाज चेतकपाशी संपायचं. त्यानं टायरला लाथ मारली, मी मान डोलावली, झाली तपासणी! इंजिन चालू केलं तर वरून टकटक आवाज. विकणारे निवृत्त आजोबा म्हणाले, सगळ्याच करतात. मला वाटलं थाप मारतायत, म्हणून दोनशे डॉलर पाडून घेतले. खरंच सगळ्याच करतात! व्हॉल्व्हवरचे हायड्रॉलिक टॅपेट वाजतात, ऑइल बदललं की बरेचदा गप्प होतात. आजोबा, माफ करा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती नव्हती. मेकॅनिक म्हणाला, पावती नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. साठ हजार मैलांना बदलायचा असतो, गाडी १,१८,००० वर. वॉटर पंप त्याच्याच मागे, म्हणून तोही बदलला. पहिल्या जानेवारीत मागच्या काचेची चेन न उघडताच टप खाली केला. थंडीत प्लास्टिक कडक झालेलं, कडकन तडा.

पण ती चालायची कशी ते सांगून कळणार नाही. गिअरचा दांडा जेमतेम तीन बोटं हलतो. वजन हजार किलोच्या आत, ताकद मागच्या चाकांना. चाळीसच्या वेगातही गंमत येते.

२००५ मध्ये सांगलीहून बाबा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, चेहऱ्यावर कायम अर्जंट फाईल. माकडटोपी घालून बसले. अर्धा तास एक शब्द नाही. मग सिग्नलला म्हणाले, "सायकलवर बसल्यासारखं वाटतंय, फक्त पायांना काम नाही." नंतर रोज सकाळी चहा झाला की, "आज काढणार का रे ती?" आईला एकदाच बसवली. तिनं पदर आणि देव दोन्ही धरून ठेवले होते.

२००८ मध्ये मुलगी झाली. मागे सीटच नाही, विकावी लागली. तुमचंही लिहा. कशी निवडली, कुठं फसलात.

गंजेंद्र
इंग्लंडात लेस्टरला असतो. माझ्या नावातच सगळं आलं.
माझी १९९३ ची युनोस रोडस्टर. गाडी तीच, जपानात युनोस नावानं विकायचे. इकडे तशा पुष्कळ आल्या. मी रंगाला भुललो. दारांखालचे सिल्स चकाचक दिसत होते, कारण त्यांना गणपतीसारखी लांबी मारून रंगवलं होतं. MOT ला (इकडची दरवर्षीची सक्तीची तपासणी) तपासणाऱ्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आतच गेला!!
घेणाऱ्यांनी एवढं करा: टपाचं पाणी सीटमागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पाचोळ्यानं त्या तुंबतात आणि सिल आतून कुजतात. बाटलीभर पाणी ओता, मागच्या चाकाच्या पुढे खाली गळलं तर ठीक. नाही गळलं तर हात जोडून घरी या. लोहचुंबक खिशात ठेवा, लांबीला चिकटत नाही. आणि गाडीचा MOT चा इतिहास ऑनलाइन फुकट दिसतो, तो मी गाडी घेतल्यावर बघितला.

कोकणकडा
आमच्याकडे पण आहे की. जपानी रक्ताची, टप उघडणारी, नव्वदची. मारुती जिप्सी 😀 पावसात आतल्यांपेक्षा बाहेरचे कमी भिजतात

रिकामटेकडा
माकडटोपीतला फोटो टाका बाबांचा

धागाकर्ता
@रिकामटेकडा फोटो सांगलीच्या घरी आहे, फ्रेम करून. आईनं देवघराशेजारी लावलाय.
@गंजेंद्र "गणपतीसारखी लांबी" 🙏

मीच_ती
सगळे पुरुषच लिहितायत म्हणून लिहिते. जपानात नागोयाला होते तेव्हा ऑफिसातल्या एकाकडून होंडा बीट घेतली. पिवळ्या नंबरप्लेटवाली म्हणजे तिकडच्या छोट्या गाड्यांतली, ६५६ सीसी, इंजिन सीटच्या मागे. नवरा सहा फूट. तो चालवताना गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, बेडूक बसल्यासारखा. त्यामुळे गाडी माझीच राहिली, हा हेतू नव्हता असं मी म्हणते.
किमतीचं ऐकून हुरळू नका. दर दोन वर्षांनी शाकेन म्हणजे सक्तीची तपासणी, आणि तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला कर जास्त. मोठ्या गाडीला तर पार्किंगची जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो, तोही घरापासून दोन किलोमीटरच्या आत. बीटचा टायमिंग बेल्ट करायला माणसाचा हात आत जात नाही, मजुरीच दणदणीत. पण बोगद्यात टप काढून साडेआठ हजार आरपीएमला... कुकर लावलाय, नंतर लिहिते

चार_खाचा
धागाकर्त्याचं नशीब जोरावर होतं. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) टोक आखूड आहे. त्यावरच्या पुलीचा बोल्ट सैल होऊन पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, टायमिंग हलतं, गाडी दम सोडते. ओळखायचं कसं, तर पुढच्या पुलीला खाचा मोजायच्या. चार म्हणजे आखूड, आठ म्हणजे लांब. माझी चारवाली निघाली. बेल्ट बदलताना एका गॅरेजनं बोल्ट नीट आवळला नव्हता. सहा महिने मी पेट्रोललाच शिव्या देत होतो.

औंधकर
पुण्यात मागवता येईल का हो? बजेट आहे. बायको तयार आहे (झोपेत हो म्हणाली)

चार_खाचा
नाही. वापरलेली गाडी आयात करायला तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. नव्वदची विसरा.

कोकणकडा
जिप्सी घ्या

औंधकर
जिप्सी नको हो, दोन सीटचीच हवी. मागे सासूबाई बसल्या नाही पाहिजेत.

माडाखाली
मग सॅन स्टॉर्म शोधा. जपानी नाही, आमच्या गोव्यात बनायची. दोन सीट, फायबरची बॉडी, म्हणजे गंजेंद्रना चालेल, आत रेनॉचं इंजिन. मडगावात एक दिसायची, तिच्यामागे पोरं धावायची. आता कुणाच्या अंगणात असेल तर माहीत नाही, असलीच तर वर कोंबड्या बसल्या असतील.

गंजेंद्र
फायबरची बॉडी 😍 खालची चासी लोखंडाचीच असणार ना पण? स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो.

मीच_ती
आले. बोगद्याचं राहिलं. आता सांगण्यासारखं नाही वाटत, डाळ करपली.

एकडोळ्या
मियाटाचा उजवा दिवा पावसात अर्धाच वर आला आणि अडकला. पोरगी म्हणाली गाडी डोळा मारतेय. बोनेट उघडलं की मोटरच्या डोक्यावर गोल बटण असतं, ते हातानं फिरवून डोळा उघडता येतो. हे मला शेजारच्या केरळी काकांनी दाखवलं, त्यांच्याकडे कधीच मियाटा नव्हती. कुठून कळलं विचारलं तर हसले. ९८ पासूनच्या मॉडेलला उघडमीट दिवे नाहीत, म्हणून ती स्वस्त मिळते आणि मला आवडत नाही. उगाच काटकसर.
बाकी एडिसनला कोथिंबीर कितीला झाली?

धागाकर्ता
डॉलरला दोन जुड्या. पाण्यात ठेवा, आठवडा टिकते.
आणि त्या लाल गाडीवर चिठ्ठी ठेवून आलोय, विकायची असेल तर फोन करा म्हणून. बायकोला हा धागा कुणी दाखवू नका.

रिकामटेकडा
वहिनी इथं वाचतात

कोकणकडा
😂😂 जिप्सी घ्या