कवळीचा हूक धरतो तीच दाढ किडलीय : सिमेंट, कॉम्पोझिट की कॅप?

नमस्कार मंडळी, दातांबद्दल मदत हवी आहे.

सासूबाईंची (वय ७४) खालची कवळी काढघालीची आहे, धातूच्या सांगाड्याची. डावीकडचा हूक सुळ्यामागच्या दाढेला धरतो. त्या दाढेला हिरडीलगत, बरोबर हुकाखाली, कीड लागलीय. शिवाय कवळीचा छोटा पाय दाढेवर जिथे टेकतो, तिथलं जुनं फिलिंग कडेने तुटलंय. पूर्वी कवळी टक्‌कन बसायची. आता हूक घसरतो आणि भाकरी चावताना ती बाजू उचलते.

एक डॉक्टर म्हणतात जीआयसी (ग्लास आयोनोमर) सिमेंट भरू, एका बैठकीत काम. दुसरे म्हणतात रूट कॅनाल, कॅप आणि वर नवी कवळी! सासूबाईंचा नव्या कवळीला ठाम नकार आहे. हीच अंगवळणी पडायला वर्ष गेलं म्हणतात.

हुकाचं रोजचं घासणं कशाला सोसेल? आणि जुन्याच कवळीला बसेल अशी कॅप होते का? 'दाढ काढून टाका' कृपया सांगू नका, खाली धरायला मोजकेच दात उरलेत.

प्रतिसाद :
ताई, मी दंतवैद्य आहे. दाढेच्या या दोन जागांची गरज वेगळी आहे. हिरडीलगत जीआयसी चांगलं. तिथे ओल असते, ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं. रेझिन मिसळलेलं मिळालं तर आणखी टिकाऊ. पण कवळीचा पाय टेकतो तिथे चावण्याचा सगळा भार येतो, आणि जीआयसी ठिसूळ. तिथे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग), तेही दाढ कोरडी ठेवता आली तरच. पूर्वी तिथे चांदी भरायचे, ताकदीला उत्तम होती. आता बरेच दवाखाने ठेवत नाहीत.

भिंतच तुटली असेल तर कॅपला पर्याय नाही. जुन्या कवळीला जुळणारी कॅप करता येते. काम किचकट आहे, सगळ्या लॅब घेत नाहीत. माप कवळी तोंडात ठेवून घ्यावं लागतं. कॅपमध्ये पायासाठी खाच आणि हुकासाठी फुगवटा हवा, हे माप घेण्याआधीच सांगा. नंतर झिर्कोनियात (कडक सिरॅमिकच्या कॅपमध्ये) खाच कोरणं जिवावर येतं, म्हणून मी तरी तिथे धातूची कॅप देतो.

रूट कॅनाल मात्र नस गेली असेल तरच. रूट कॅनाल केलेली दाढ हुकाच्या ओढीने मोडायची भीती जास्त.

एक्स-रे काढलाय का? दाढ हलते का? आणि सासूबाई रात्री कवळी काढून झोपतात ना?